बत्तीस गुंठे, दहा पानं आणि आगोट

प्रश्न असा आला आहे: डोंबिवलीत राहणारं जोडपं, सावंतवाडीजवळ वडिलोपार्जित घर, ३२ गुंठे जमीन. त्यातले १२ गुंठे भाताचे कुणगे (खाचरं), बाकी भरड, म्हणजे उंचावरची कोरडवाहू जमीन. आठ जुने माड, दोन फणस, एक रायवळ आंबा. विहीर आहे, पण एप्रिलमध्ये तळ दिसतो. शनिवार-रविवार दहा पाहुण्यांना घरचं, हंगामातलं जेवण वाढायचं आहे. सगळं स्वतःच्याच जमिनीतलं देता येईल का, काय लावावं आणि पावसाळ्यात ताटात काय घालावं?

मी कुडाळ तालुक्यात एकोणीस वर्षं हेच काम करते आहे, जमीन तुमच्यापेक्षा थोडी जास्त. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आधी हिशेब मांडते.

जुन्या जातीचा लाल भात, म्हणजे आपल्याकडचा वालय वगैरे, रासायनिक खत न घालता गुंठ्याला वीस किलो आला तरी बरा म्हणायचा. बारा गुंठ्यांचे झाले २४० किलो भात. गिरणीतून तांदूळ दीडशे-एकशे पंचावन्न किलो. एका पानाला भात आणि आंबोळी-घावणे मिळून दीडशे ग्रॅम धरा. एका आठवड्याला दहा माणसं, दोन दिवस, चार जेवणं, म्हणजे चाळीस पानं आणि सहा किलो तांदूळ. पंचवीस आठवड्यांत कणगी रिकामी, आणि यात तुम्ही स्वतः काही खाल्लेलं नाही! माडांचंही तसंच. जुना बाणवली माड वर्षाला साठ-सत्तर नारळ देतो. दहा पानांची सोलकढी आणि वाटप यांना एका जेवणाला तीन-चार नारळ लागतात. आठ माडांवर तुमचे पस्तीस-एक आठवडे निघतील, तेही शेकरू आणि माकडांनी दया केली तर.

म्हणून ‘सगळं आमच्याच शेतातलं’ अशी पाटी लावू नका. वाडीतल्या चार घरांकडून भात, कुळीथ, नारळ विकत घ्या आणि पाहुण्यांना तसं सांगा. माझा तांदूळ तीन घरांतून येतो. एका घरचा भात दरवर्षी थोडा जास्त उकडलेला असतो, त्याची पेज मात्र सगळ्यांत छान होते. हे मी जेवताना सांगते आणि लोक त्यात जास्त रमतात.

आता खरा मुद्दा. तुम्ही विचारलंत काय लावू. तुमच्यासारख्या नव्या माणसाचं सगळं लक्ष लावण्याकडे असतं, पण ठेवण्याकडे नसतं. तळकोकणात शेताचं वर्ष मृगाला सुरू होतं, स्वयंपाकघराचं वर्ष मात्र त्याआधी दोन महिने, आगोटीला, म्हणजे पावसाळ्यासाठी करायच्या साठवणीला. जुलैत पानात काय पडणार हे एप्रिल-मे मध्ये ठरलेलं असतं. तेव्हा तुम्ही डोंबिवलीत असाल आणि जूनमध्ये बॅगा घेऊन उतराल, तर त्या वर्षी तुम्ही दुकानातलीच डाळ वाढणार. नोकरीची रजा एकदाच मिळणार असेल, तर ती गणपतीत न घेता १५ एप्रिल ते मे अखेर घ्या.

त्या सहा आठवड्यांत करायचं काय? सगळ्यात मोठं काम रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं. झाड तुमच्याकडे नाही, शेजारी नक्की असेल. पिकलेले गर्द लाल रातांबे धुऊन, पुसून फोडायचे. साल एकीकडे, बियांसकट गर दुसरीकडे. गरात जाडं मीठ घातलं की तासा-दोन तासांत रस सुटतो. त्या रसात साली बुडवायच्या, खळ्यात (अंगणात) सुपावर किंवा कापडावर पसरायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. पाच-सहा वेळा असं झालं की साल काळपट, चिवट आणि किंचित चिकट होते, दोन बोटांत दाबली तर पाणी येत नाही पण मोडतही नाही. तिथे थांबायचं, ही झाली सोलं. कडकडीत वाळवलेलं सोल दिसायला चांगलं, पण कढीत रंग सोडायला वेळ लावतं. दहा किलो रातांब्यांची जेमतेम किलोभर सोलं होतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. बिया फेकू नका, धुऊन वाळवून ठेवा. त्यांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, निघतं, भेगा पडलेल्या टाचांना त्यासारखं काही नाही.

आगळ, म्हणजे सोलकढीत घालायचा रातांब्यांचा खारवलेला रस, त्यापेक्षा सोपं. गर-सालीला किलोमागे दीडशे-दोनशे ग्रॅम जाडं मीठ, चिनी मातीची बरणी, तोंडाला फडकं, आणि रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने ढवळणं. आठ-दहा दिवसांनी गाळायचं. मीठ कमी केलंत तर पावसात फेस येणार. मी दुसऱ्या वर्षी ‘पाहुण्यांना खारट नको’ म्हणून मीठ निम्म्यावर आणलं आणि श्रावणात अकरा लिटर आगळ माडाच्या आळ्यात ओतलं. सोलकढीत आगळ घातल्यावर वेगळं मीठ घालायचं नसतं, एवढं लक्षात ठेवलं की खारटपणाचा प्रश्न येत नाही.

एक नवी अडचण आहे ती मात्र आमच्या सासूबाईंच्या वेळी नव्हती. रातांबे पिकायचे आणि मग पाऊस यायचा, मध्ये चांगले पंधरा-वीस दिवस मिळायचे. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला, आणि त्याआधीचे चार-पाच दिवसही ओलेच गेले. खळ्यातली सोलं पडवीत आली, पडवीतून चुलीवरच्या माळ्यावर गेली, निम्मी बुरशीने गेली. तेव्हापासून मी पहिल्या तोडीची सगळी सोलं करते आणि नंतरच्या तोडीचं फक्त आगळ, कारण त्याला ऊन लागत नाही. तुम्ही झाड लावणार असाल तर बी रुजवू नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी, बियांपासून केलेल्यांतली साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. कलम घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ लवकर पिकते, आताच्या पावसाला तीच बरी.

फणसाचं थोडक्यात: काप्याचे (घट्ट गराच्या फणसाचे) गरे खायला, बरक्याचा (मऊ गराच्या फणसाचा) रस साठं, म्हणजे फणसपोळी, घालायला आणि सांदणांना. पण तुमच्या कामाचा खरा माल म्हणजे आठळ्या, फणसाच्या बिया. धुऊन सावलीत सुकवायच्या, लाल मातीच्या काल्यात लडबडून पुन्हा सुकवायच्या आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायच्या. श्रावणापर्यंत टिकतात. पावसाळ्यातल्या प्रत्येक पालेभाजीला त्यांनी अंग येतं. दोन फणसांच्या आठळ्या तुम्हाला पुरून उरतील.

सुके मासे १५ मेच्या आत भरा. १ जूनपासून यांत्रिक बोटींना बंदी असते, त्याआधीच्या आठवड्यात बाजारात भाव चढतात आणि माल अर्धवट वाळलेला येतो. सुका बांगडा वाकवून बघा. वाकला तर परत ठेवा, कट्कन मोडला तर घ्या. घरी आणल्यावर आणखी दोन उन्हं द्यायचीच. जुलैत पाहुणा ‘सुरमई नाही का?’ विचारतो. मी नाही म्हणते. बर्फातली आणून देता येते, पण मग तो इथे कशाला आला? सुक्या बांगड्याची किसमूर, कुळथाची पिठी आणि लाल भात समोर ठेवला की दहातले आठ जण सुरमई विसरतात. उरलेल्या दोघांसाठी अंडी असतात.

कुळथाकडे वळते, कारण तुमच्या बारा गुंठ्यांत भातानंतर हेच पीक येईल. विहीर आटते म्हणजे वायंगणाचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, विचार सोडा. नोव्हेंबरात कापणी उरकली की जमिनीत ओल आहे तोवर एक हलकी नांगरट करून कुळीथ विस्कटायचा, बांधाच्या कडेला चवळी. पाणी नाही, खत नाही, फेब्रुवारी अखेर काढणी. चाळीस-पन्नास किलो सहज येतो आणि एका पानाच्या पिठीला वीस-पंचवीस ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे इथे तरी तुम्ही श्रीमंत आहात. पिठीसाठी कुळीथ मंद आचेवर भाजायचा, जात्यावर भरडून साल पाखडायची आणि मग दळायचा. भाजताना घाई केली की पिठी कडवट लागते. फोडणीत ठेचलेला लसूण जास्त, दोन सोलं, आणि पीठ गार पाण्यात कालवूनच ओतायचं, नाहीतर गुठळ्या फोडत बसाल.

भरडावर काय? वरच्या उतारावर चार-पाच गुंठे नाचणी. बाकी जागेत मी एक नियम पाळते: ज्याला माकड तोंड लावत नाही ते घरापासून लांब, बाकीचं घराजवळ. हळद, सुरण, अळू, मिरी यांना वानर-माकडं सहसा त्रास देत नाहीत, डुकरंही सुरणाच्या खाजेला बिचकतात. काकडी, पडवळ, दोडकी, वाली, भेंडी हे मात्र दाराच्या खळ्यालगत मांडवावर, जिथे कुत्रं झोपतं आणि माणसाचा वावर असतो तिथे. कणगर, करांदे हे कंद लावायचे तर दगडी गडग्याच्या आतच, डुकरांना त्यांचा वास लांबून लागतो. न्हाणीचं पाणी केळी आणि अळवाकडे सोडा. एप्रिलमध्ये विहीर गेली तरी हे दोन हिरवे राहतात.

टोमॅटो लावू नका. मी पहिल्या वर्षी दोनशे रोपं लावली होती, जून महिन्यात, पुस्तकात बघून. साडेतीन हजार मिलिमीटरच्या पावसात टोमॅटो म्हणजे न्हाणीत पापड वाळवण्यासारखं. जुलै अखेर काळे पडलेले देठ उपटले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘आंबट्टाक सोलां आसत मगे, हो लाल पाहुणो कित्याक हाडलंस?’ तेव्हापासून आमच्या रश्शात टोमॅटो नाही. आंबटाला सोलं, बिंबलं, आंबाडे किंवा कैरीच्या सुकवलेल्या फोडी, ज्या त्या महिन्यात जे असेल ते.

आता पावसाळा, ज्याची तुम्हाला धास्ती आहे. खरं तर पाहुण्यांना दाखवण्यासारखं ताट तेव्हाच असतं. पहिल्या सरींनंतर आठ-दहा दिवसांत टाकळा येतो. चार-सहा पानांचा असतो तोवरच खुडायचा, महिनाभराने तो निबर होतो आणि वास मारतो. कांदा, ओलं खोबरं, आठळ्या, बस. पुढे कुर्डू, भारंगी, रानातलं तेरं, म्हणजे रानअळू. शहरातून आलेल्यांचा एक समज असतो की रानभाजी म्हणजे फुकटची आणि निर्धोक. दोन्ही चूक. अळूवर्गातल्या भाज्यांना घशात खाज आणणारे सुईसारखे स्फटिक असतात. आंबट पुरेसं घातलं आणि निवांत शिजवलं तरच ती जाते. दहा पाहुण्यांचा घसा एकाच वेळी खवखवला की रविवार कसा जातो ते मी पाहिलं आहे. आणि अळंबी? वारुळावर उगवणारी, वाडीतल्या जाणत्या बाईने आणून दिलेली, तीच. स्वतः रानात जाऊन ‘ही तशीच दिसते’ म्हणून आणायची नाही. ती लागवडीने येत नाही, वाळवीच्या वारुळावरच येते, म्हणून जितकी मिळेल तितकीच, मोजकी पानं. फलकावर आधी लिहू नका.

चढणीच्या माशांबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगते. पहिल्या पावसात ओहोळातून वर चढणारे मासे पोटात गाबोळी (अंडी) घेऊन चाललेले असतात. घरच्यांनी एकदा खाणं वेगळं, पाहुण्यांच्या ताटासाठी दर आठवड्याला धरणं वेगळं. मी वाढत नाही.

श्रावण-भाद्रपदात ताटाला कमी पडत नाही. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ, ऋषिपंचमीला कंदमुळांची भाजी. तवशाचं (मोठ्या काकडीचं) धोंडास, पिकलेला चिबूड गूळ घालून. याच दिवसांत माशाच्या कालवणात घालायची तिरफळं काढून सुकवून ठेवा. बी टाकून द्यायचं, टरफल ठेवायचं. ऑक्टोबरात ताजा बांगडा यायला लागला की आठवण होते.

काय लावायचं याची यादी हवी असेल तर माझ्याकडे मागू नका, वाडीतल्या एखाद्या जुन्या घरात गणपतीला जा आणि वर माटवीकडे, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीकडे, बघा. तवसं, चिबूड, नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, आंबाडे, दोडकी, पडवळ, रानातली कांगणं, कवंडळं. त्या महिन्यात त्या गावात जे जे पिकतं ते तिथे टांगलेलं असतं. मी पहिली काही वर्षं चतुर्थीला तीन-चार घरांच्या माटव्या पाहून वहीत लिहून घ्यायचे आणि ज्या घरात चांगलं पडवळ दिसलं तिथे बी मागायचे. कोणी नाही म्हणत नाही. बदल्यात तुमच्याकडचं एखादं बी न्या.

दिवाळीचं एक सांगायचं राहिलं. नव्या भाताचे पोहे चावदिसाच्या (नरकचतुर्दशीच्या) सकाळी: दुधातले, गुळातले, ताकातले, बटाट्याचे. पाहुण्यांना पहाटे उठवून, तुळशीपुढे कारीट फोडून मग पोह्यांना बसवा. चिकन-वडे लोकांना कुठेही मिळतात, हे मिळत नाही.

थंडीत काम कमी आणि भाज्या भरपूर. लाल माठ, मुळा, वाली, कणगरं. तुमची विहीर फेब्रुवारीपर्यंत साथ देईल, तेवढ्यात दोन गुंठे वाफे आटोपतात. पुढे फाल्गुनात कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी आणि ओल्या काजूगरांची उसळ. काजूगर तुम्ही स्वतः एकदा तरी काढा, म्हणजे त्याचा भाव सांगताना जीभ अडखळणार नाही. हिरवी बी विळीवर उभी चिरायची, आतला गर टोकाने उचकायचा. सालीतला चीक हाताला लागला की कातडी भाजल्यासारखी सोलते. आमच्याकडे बायका बोटांना खोबरेल चोपडतात आणि मधूनमधून राखेत बोटं बुडवतात. सरावाची बाईसुद्धा तासाला शंभर-सव्वाशे गर काढते. दहा पानांच्या उसळीला तीन-चारशे लागतात. हंगामाची जी ताटं महाग ठेवायची ती ही, मासळीची नव्हेत.

कागदपत्रांचं एवढंच: अन्न परवान्याची नोंदणी आधी करून घ्या, आणि राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण कृषी अधिकाऱ्याकडून समजून घ्या. आगाऊ नोंदणीशिवाय कोणाला घेऊ नका. मला एका प्रवासी कंपनीने पहिल्याच मोसमात न सांगता बावीस माणसं आणून उतरवली आणि ‘पनीर चालेल’ असं वर सुचवलं. त्या दिवशी जे झालं ते जेवण नव्हतं.

पहिल्या वर्षी पाहुणे घेऊच नका, असं माझं मत आहे. एक आगोट करा, एक पावसाळा तुम्ही दोघांनी त्यावर काढून बघा. काय पुरलं, काय सडलं, कशाचा कंटाळा आला ते लिहून ठेवा. मी अजून लिहिते. गेल्या वर्षीच्या पानावर ‘आठळ्या उंदराने नेल्या, पत्र्याचा डबा’ एवढंच आहे.

आणि डोंबिवलीच्या माळ्यावर आजीच्या चिनी मातीच्या बरण्या असतील, तर भंगारात देऊ नका. येताना गोधडीत गुंडाळून आणा. इथल्या बाजारात आता तशा जाड बरण्या मिळत नाहीत आणि आगळाला प्लास्टिक मी तुम्हाला सुचवणार नाही.